जुन्या मोजणीच्या कागदांवरून ‘आधी कोण आले’ हे शिकवता येईल का?

आपला प्रश्न मी समजलो तो असा: पवईच्या बाजूच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आपण आठवीला इतिहास शिकवता आणि ‘आपल्या भागात पहिली वस्ती कोणी केली’ या विषयावर चार-पाच तासिकांचा प्रकल्प घेऊ इच्छिता. आपल्या हाताशी जुन्या मोजणीचा एक गाव नकाशा, आकारबंदाची (प्रत्येक सर्वे नंबराचे क्षेत्र आणि सारा लिहिलेल्या नोंदवहीची) काही पाने आणि काही जुने सातबारे आहेत. त्यांतून पहिल्या रहिवाशांची नावे कशी काढावीत, आणि आकडे पाहताच कंटाळणाऱ्या मुलांसमोर ती कशी मांडावीत, असे आपण विचारले आहे. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीचे काम केले आहे आणि निवृत्तीनंतर उपनगरांतील इतिहास शिक्षकांबरोबर याच कागदांवर काम करत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते अडचण आकड्यांची नाही, ती प्रश्नातच आहे. मोजणीचा कागद एका ठरावीक कामासाठी तयार झाला: जमीन किती, कोणत्या प्रतीची, तिच्यावर सारा किती आणि तो कोणाकडून घ्यायचा. मुंबई इलाख्यात ब्रिटिश अमदानीतील ही मोजणी पुणे भागात प्रिंगल यांनी सुरू केली, ती फसल्यावर १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी नव्याने पद्धत बसवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. साष्टीत, म्हणजे आजची मुंबईची उपनगरे ज्यावर आहेत त्या बेटावर, ही पद्धत त्यानंतर आली. म्हणजे आपल्या हातातील सर्वांत जुना नकाशा फार तर पावणेदोनशे वर्षांमागचा असणार. आपल्या शाळेपासून फार लांब नसलेल्या कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत शेते दान दिल्याचे उल्लेख आहेत, आणि ते मोजणीदाराच्या दीड हजार वर्षांहून अधिक आधीचे आहेत. तेव्हा नकाशावर ज्याचे नाव पहिले सापडेल तो पहिला रहिवासी, असे मुलांना सांगितले तर आपण त्यांच्या हाती चुकीचा इतिहास देऊ, आणि तोही सरकारी शिक्क्यासह.

म्हणून प्रकल्पाचा प्रश्न थोडा बदलावा, असे मी सुचवीन. ‘पहिले कोण आले’ याऐवजी ‘मोजणीदार आला तेव्हा येथे कोण काय करत होते, त्याने त्यातले काय लिहिले आणि काय लिहिले नाही’ असा प्रश्न ठेवा. हा प्रश्न या कागदांना झेपतो, आणि पहिल्या वस्तीचा शोधही याच वाटेने पुढे नेता येतो.

आता हे सर्व कशावर अवलंबून आहे, ते आधी सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे आपले गाव कोणते. आज सगळे ज्याला सरसकट पवई म्हणतात, त्या परिसरातील मिळकत पत्रिकांवर (नगर भूमापनातील मालमत्तेच्या नोंदींवर) तिरंदाज, पासपोली, तुंगवा, कोपरी, चांदिवली अशी वेगवेगळ्या गावांची नावे असतात. शाळेच्या जागेची मिळकत पत्रिका पाहिल्याशिवाय कोणता नकाशा आपला, हे ठरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गाव सरकारी होते की खोतीचे अथवा इनामाचे, म्हणजे साऱ्याच्या वसुलीचा किंवा माफीचा हक्क खासगी माणसाकडे असलेले. साष्टीतील पुष्कळ गावे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या धनिकांकडे होती. पवईची इस्टेट फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे होती. अशा गावांत सरकारचा संबंध मुख्यतः इस्टेटवाल्याशी येत असे, त्यामुळे प्रत्यक्ष कसणाऱ्यांच्या नोंदी विरळ असतात किंवा फार उशिरा सुरू होतात. या इस्टेटींची साऱ्याची माफी १९५१ च्या कायद्याने रद्द झाली आणि कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, म्हणजे कुळे कसत असलेल्या जमिनीची मालक मानली गेली तो दिवस, ठरला, त्यामुळे कसणाऱ्यांची नावे काही गावांत त्या सुमाराच्या फेरफारांतच (हक्कातील बदलांच्या नोंदींतच) प्रथम ठळकपणे दिसतात. तिसरी गोष्ट कागदाच्या वयाची. टिपण (शेताचे मोजमापांसह हाताने काढलेले रेखाटन) आणि आकारबंद हे मोजणीचे मूळ कागद, तर हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यानंतरची. मूळ मोजणीच्या कागदांत प्रामुख्याने जमीन असते. माणसे शोधायची तर फेरफार आणि सातबारा हेच पाहावे लागतात.

या सगळ्यात मला वर्गासाठी सर्वांत मोलाची वाटते ती गाव नकाशातील एक रिकामी जागा. नकाशा भिंतीवर लावा आणि मुलांना विचारा की, या गावातील सर्वांत जुनी घरे कुठे असतील. मुले बहुधा जिथे आकड्यांची दाटी आहे तिथे बोट ठेवतात, कारण लहान लहान तुकडे म्हणजे दाट वस्ती, असा त्यांचा तर्क असतो. तो तर्क शहरात वाढलेल्या मुलाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. प्रत्यक्षात ते तुकडे भातखाचरांचे असतात. घरे असतात ती गावठाणात, आणि गावठाण नकाशावर नुसत्या बाह्यरेषेने दाखवलेले असते. आत ना सर्वे नंबर, ना क्षेत्र, ना नाव. गावठाणातील घरांच्या जागेवर शेतसारा नव्हता, म्हणून ती तपशिलाने मोजण्याचे मोजणीदाराला कारण नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या जिथे चूल पेटत होती ती जागा सरकारी नकाशात कोरी, आणि जिथे वर्षातून चार महिने चिखल तुडवला जाई ती जागा आण्यापर्यंत (मोजणीच्या साखळीच्या सोळाव्या भागापर्यंत) मोजलेली! हे एकदा मुलांच्या लक्षात आले की कागद कोणासाठी लिहिला गेला, हे वेगळे शिकवावे लागत नाही. कोळीवाड्यांचेही बऱ्याच ठिकाणी असेच आहे. ज्यांची उपजीविका खाडीवर आणि समुद्रावर होती त्यांचे शेत नव्हते, म्हणून सर्वे नंबरही नव्हता.

डोंगराकडच्या बाजूला हीच गोष्ट आणखी तीव्र होते. विहार आणि आरेच्या आसपासच्या पाड्यांतील आदिवासी कुटुंबे रानात राहत, रान वापरत, पण ती जमीन कागदावर बहुधा वरकस, गवताची किंवा सरकारी अशी लागलेली असते. नाव असले तर ते इस्टेटवाल्याचे किंवा सरकारचे. तेव्हा सातबाऱ्यावर नाव नाही यावरून ‘ते लोक नंतर आले’ असा निष्कर्ष मुलांनी काढला, तर तिथे त्यांना थांबवले पाहिजे. कागदावर नसणे आणि जागेवर नसणे यांत फरक आहे, आणि या प्रकल्पात मुलांनी दुसरे काही नाही शिकले तरी हा फरक शिकावा.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे येतो. सुरुवात संपूर्ण गावापासून करू नका. शाळेची जागा घ्या आणि तिच्यावरून मागे चालत जा. आज शाळा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांकाने ओळखली जाते आणि तिचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये आहे. उपनगरांतील नगर भूमापन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्या वेळच्या चौकशी नोंदवहीत आणि मिळकत पत्रिकेच्या जुन्या नोंदींत पूर्वीचा सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर सहसा सापडतो. त्या नंबरावरून जुना सातबारा, सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांकांवरून फेरफार, आणि शेवटी आकारबंद व टिपण, असा मार्ग आहे. प्रत्येक पायरीवर मुलांना एकच विचारा: याच जमिनीबद्दल या कागदाने काय नवे सांगितले आणि मागच्या कागदातले काय गाळले?

उदाहरणादाखल एक काल्पनिक नंबर घेऊ. आकारबंदात तो वरकस म्हणून दाखवला आहे आणि क्षेत्र दोन एकर चौदा गुंठे आहे. कोकणात जमिनीचे भात, बागायत आणि वरकस असे वर्ग केले जात. वरकस म्हणजे उताराची, हलकी जमीन, जिथे नाचणी-वरी होई, गवत वाढे आणि भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, पालापाचोळा मिळे. एवढ्या एका नोंदीवरून शाळेच्या जागी पूर्वी टेकडीचा उतार होता, हे मुले सांगू शकतात. मग शाळेमागची पायऱ्यांची गल्ली अशी का चढते, हे कोणीतरी आपणहून बोलतेच. गणिताच्या शिक्षकांना सोबत घेतले तर दोन एकर चौदा गुंठ्यांचे चौऱ्याण्णव गुंठे आणि त्यांचे सुमारे ९,५१० चौरस मीटर, हा हिशेब मुले करतात आणि मिळकत पत्रिकेवरच्या क्षेत्राशी ताडून पाहतात. तिथे फरक निघाला तर फारच चांगले. रस्त्यासाठी जागा गेली का, हिस्सा पडला का, याचा शोध पुन्हा फेरफाराकडे नेतो.

सातबाऱ्यात शिक्षक सहसा फक्त भोगवटादाराचा रकाना पाहतात. त्याखेरीज तीन जागा पाहाव्यात. शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असतो. तिथे झाड, ओढा, देव, बांध यांवरून पडलेली नावे मिळतात आणि त्यांतली काही आजही गावठाणातील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात असतात. कुळाच्या आणि इतर हक्कांच्या रकान्यांत मालकाखेरीजची माणसे असतात. नमुना बारामध्ये पिके असतात, आणि ज्या मुलाने भात फक्त ताटात पाहिला आहे त्याला आपल्या बसस्टॉपच्या जागी खरीप भात ‘पिकाखालील क्षेत्र’ म्हणून नोंदवलेला पाहून जे आश्चर्य वाटते, त्यापुढे माझे भाषण मला नेहमीच फिके वाटले आहे. नावे वाचताना ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, मुसलमान नावांत त्याच अर्थी ‘वलद’, आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, हे आधी सांगून ठेवा. स्त्रियांची नावे पुष्कळदा नवऱ्याच्या निधनानंतरच्या वारस नोंदीत उगवतात, हे मुलींच्या लक्षात चटकन येते. त्या चर्चेला वेळ ठेवा.

टिपणाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ते माझ्या आवडीचे आहे आणि मुलांनाही हाताळता येते. टिपण म्हणजे एका सर्वे नंबराचे हाताने काढलेले रेखाटन. शेताचा वेडावाकडा आकार, त्याच्या आरपार एक सरळ रेघ, त्या रेघेवरून डावी-उजवीकडे बांधाच्या वळणांपर्यंत टाकलेले लंब, प्रत्येक लंबावर अंतराचा आकडा आणि कडेला शेजारच्या नंबरांची नोंद. अक्षर मोडी, शाई बहुतेक ठिकाणी विटलेली. अंतरे साखळी आणि आण्यांत असतात. शंकुसाखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे, त्यामुळे एक आणा दोन फूट आणि पाऊण इंचाचा. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर.

हे फळ्यावर लिहून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. न ताणणारी, जाड सुती दोरी घ्या, तेहतीस फुटांवर दोन्ही टोकांना काठ्या बांधा आणि मध्ये रंगीत चिंध्यांनी सोळा भाग पाडा. दोन साखळ्या रुंद आणि तीन साखळ्या लांब पटांगण असेल तर ते सहा गुंठे भरते. (मुंबईतील कितीतरी शाळांना एवढे पटांगणच नाही, हे मला ठाऊक आहे, मग जवळच्या पालिकेच्या मैदानात सकाळी लवकर जावे.) पटांगणाची कडा सरळ असली तर मुद्दाम चुन्याने एक वाकडा ‘बांध’ आखा आणि मुलांना त्याचे टिपण काढायला लावा: एक गट दोरी धरतो, एक काटकोन पाहतो, एक आकडे पुकारतो, एक लिहितो. अर्ध्या तासात भांडण सुरू होते, कारण बांध कुठून कुठे जातो यावर दोन गटांचे एकमत होत नाही. त्याच क्षणी विचारावे की, गावात मोजणीदाराला बांध कोण दाखवत असेल आणि त्या दिवशी जो हजर नव्हता त्याचे काय झाले असेल. मोजणीच्या नोकरीत मी हे भांडण मोठ्या माणसांमध्ये अगणित वेळा पाहिले आहे आणि ते नेहमी याच शब्दांत होते.

पहिल्या वस्तीच्या मूळ प्रश्नाला कागदांतून जे काही हाती लागते ते आडून लागते, हे मुलांना आता सांगता येईल. गावठाणाची जागा पाहा: ती पुराच्या पाण्यापासून वर, पण भाताच्या खाचरांना आणि विहिरीला लागून आहे का? देऊळ, क्रॉस, तळे नकाशावर कुठे आहे? जुनी पायवाट कोणत्या दोन गावांना जोडते? पवईचा तलाव १८९१ चा आणि विहारचा १८६० चा. आपला नकाशा त्यांच्या आधीचा असेल तर पाण्याखाली गेलेली जमीन कोणाची आणि कशाची होती, हेही पाहता येईल. यातून ‘येथे मोजणीपूर्वीच स्थिर, शेती करणारे गाव होते’ इतके खात्रीने म्हणता येते. त्या गावातील कोणते कुटुंब आधीचे, हे म्हणता येत नाही. त्यासाठी देवस्थानाचे मान, चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, घराण्यांच्या आठवणी असे दुसरे पुरावे लागतात, आणि त्या आठवणींना आठवणी म्हणूनच वहीत जागा द्यावी. मी मुलांना वहीचे पान उभे दुभागायला सांगतो: डावीकडे कागदात जे लिहिले आहे ते, उजवीकडे त्यावरून आपण केलेला अंदाज. गुण द्यायचे तर उजव्या बाजूच्या प्रत्येक वाक्याला डावीकडे आधार आहे का, हे पाहून द्यावेत.

हा प्रश्न वाचणाऱ्या शहर भागातील शिक्षकांसाठी एक वेगळी सूचना. मुंबई बेटावर सातबारा शोधत बसू नका. तेथील परंपरा निराळी आहे: डिकिन्सन यांची एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची मोजणी, नंतर १८६५ ते १८७२ मधली लॉटन यांची, आणि पुढे विभागवार सी. एस. (कॅडस्ट्रल सर्वे) नंबर. क्षेत्र चौरस वारांत आणि भाषा बहुतांशी इंग्रजी. पण तिथे धारणाप्रकार हाच इतिहासाचा धडा आहे. वरळीची खिंड हॉर्नबी वेलार्डने (समुद्राचे पाणी अडवणाऱ्या बांधाने) १७८४ च्या सुमारास बंद झाल्यावर आतली खारवट, पाणथळ जमीन लागवडीखाली आणणाऱ्यांना ती नाममात्र आकारावर मिळाली, आणि त्या फोरास जमिनींचा हिशेब सरकारने १८५१ च्या कायद्याने मिटवला. ओसाड जागी पाय रोवणारी माणसे हवी असतील, तर कामाठीपुरा-तारदेवच्या बाजूच्या शाळांनी त्या नोंदी पाहाव्यात. वडाळ्याकडच्या शाळांना तर ‘सॉल्ट पॅन डिव्हिजन’ एवढे विभागाचे नाव दाखवून मिठागरांचा तास सुरू करता येईल.

एक सावधगिरीचा विषय टाळता येणार नाही. मुंबईत जमिनीचा कागद हा निरुपद्रवी कागद नसतो. पुनर्विकास, वारसाहक्क, गावठाणांच्या हद्दी आणि पाड्यांचे प्रश्न चालू आहेत, आणि आठवीतला मुलगा घरी जाऊन ‘शाळेची जमीन आपल्या पणजोबांची होती’ म्हणाला की, दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दालनात कोण बसलेले असेल, हे सांगायला नको. म्हणून शाळेच्या स्वतःच्या जागेखेरीज अन्य नंबरांवरील अलीकडची नावे झाकूनच प्रती वाटाव्यात. माझा दंडक असा की, हयात माणसांपर्यंत पोहोचेल असे नाव वर्गात जाऊ द्यायचे नाही. पालकांना आधी चार ओळींचे पत्र द्यावे की, हा इतिहासाचा अभ्यास आहे, हक्काची चौकशी नाही. आणि वर्गात ‘आम्ही मूळचे, तुम्ही बाहेरचे’ असा सूर निघाला तर त्याच तासाला नकाशाकडे परत जावे. मोजणीच्या वेळी या गावात बहुतेक मुलांचे पूर्वज नव्हते, ज्यांचे होते त्यांतल्या अनेकांचे नाव लिहिले गेले नाही, आणि ज्याचे नाव ठळक आहे तो इस्टेटवाला गावात राहतही नव्हता. हे वास्तव कोणाच्याही बढाईला फारसे सोयीचे नाही.

कागद मिळवण्याविषयी थोडक्यात. सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर बरेच जुने अभिलेख स्कॅन करून ठेवले आहेत. तिथे न मिळाल्यास संबंधित नगर भूमापन कार्यालयात किंवा तहसील कार्यालयात नकलेसाठी अर्ज करावा. साष्टीतील ही गावे १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती, म्हणून त्यापूर्वीचे काही शोधताना ‘तालुका साष्टी, जिल्हा ठाणे’ असे पाहा. मुंबई उपनगर म्हणून शोधत राहिलात तर हाती काही लागणार नाही. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर आणि फोर्टमधील पुराभिलेखागार यांचाही उपयोग होईल, पण पुराभिलेखागारासाठी शाळेचे पत्र आणि नेमका विषय सोबत असावा. मोडीसाठी जाणकार गाठावा लागेल. मुंबईत मोडीचे वर्ग चालतात आणि तिथले विद्यार्थी असे एखादे टिपण आनंदाने वाचून देतात. अर्ज मात्र आजच करा, कारण नकला हातात यायला किती वेळ लागेल, ते मी त्या खात्यात काम करूनही सांगू शकणार नाही. तोवर दोरीचा तास आणि आपल्याकडे असलेल्या नकाशावरचा गावठाणाचा तास उरकून घेता येईल. या दोहोंना आणखी कोणताही कागद लागत नाही.